वाईचं स्टॅक आणि दादाचा गाळा

विश्रामबागेतला गाळा आबांनी दादासाठी घेतला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की पोरीनं भावाचा गाळा दाबला. आबा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या आमच्या गावात बटाटा आणि आलं पिकवायचे. दादा माझा थोरला भाऊ, फौजेत, फोन-वायरलेस सांभाळणाऱ्या सिग्नल कोरमध्ये. तो रिटायर होऊन आला की त्याला हक्काचं काहीतरी असावं म्हणून आबांनी सांगलीत गाळा घेऊन ठेवला. मी तेव्हा सांगलीतच नेटवर्कची कामं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला होते आणि तिथल्या साहेबाच्या बोलण्याला पार विटले होते. आबा म्हणाले, "बंद ठिवून तरी काय करायचं? दादा येईस्तवर बस तू तितं."

त्या येईस्तवरमध्ये माझी पस्तिशी उलटली.

पहिल्यांदा शटर उचललं तेव्हा आत एक लंगडं टेबल होतं आणि वरच्या झरोक्यात कबुतरं. तिथून मी धंदा उभा केला. दवाखान्यांच्या छतात शिरून केबली ओढल्या, पाली झटकल्या, साखर कारखान्याच्या ऑफिसात मळीच्या वासात दिवस काढले. बाईमाणूस शिडीवर चढतंय म्हणून लोक हातातला चहा ठेवून बघायला यायचे. हळूहळू त्यांची सवय मोडली. मग "मॅडमना बोलवा" असं म्हणायला लागले. सांगली, मिरज, इस्लामपूर, पार कराडपर्यंत. एवढं सगळं केलं, पण घरात पिकतं तिथं विकत नाही. आबा दाताच्या डॉक्टरकडं सांगलीला आले की गाळ्याच्या पायरीवर बसून चहा प्यायचे, शटरचं कुलूप हलवून बघायचे आणि परतीची एसटी धरायचे. गावात सांगायचे, "पोरगी कम्प्युटर दुरुस्त करती." मी आयुष्यात एक कम्प्युटर दुरुस्त केलेला नाही.

आणि मग दादा आला.

दादा वाईट असता तर किती बरं झालं असतं. मनसोक्त भांडता तरी आलं असतं. पण तो हसरा, उंचापुरा, सकाळी माझ्या आधी येऊन गाळा झाडून ठेवणारा. वयानं माझ्यापेक्षा मोठा, पण धंद्यात कानामागून आला आणि तिखट झाला. महिन्याभरात गिऱ्हाइकं मला फोन करून म्हणायला लागली, "मॅडम, फौजींना पाठवा की." ज्यांच्या छतातली जाळी माझ्या केसांत अडकायची ती ही माणसं. त्यानं बांधलेल्या केबली मात्र बघाव्यात. रॅक म्हणजे आपलं यंत्रं ठेवायचं लोखंडी कपाट, त्याच्या मागं तो केबलींची अशी वेणी घालायचा की हात लावू नये वाटायचं. मी जन्मभर वेणी घालते, पण माझ्या केबली कधी तशा बसल्या नाहीत.

आणि वर काय, तर आतलं सेटिंग त्याला येत नाही हे तो सगळ्यांना हसत सांगायचा. "ते आपल्याला नाही जमत बाबा, ते तायडीचं डिपार्टमेंट." लोकांना त्याचंही कौतुक. केवढा सरळ माणूस, म्हणे. मी एकदा जरी 'मला येत नाही' म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस गाठला असता. खरं सांगते, मी जळले. वाईट वाटलं वगैरे नाही, जळले. रात्री जेवताना तो आमटी छान झालीय म्हणाला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वाईच्या एका कॉलेजचं काम आलं ते अशात. मोठं काम होतं. नवी इमारत, सगळे वर्ग, लायब्ररी, ऑफिस एका जाळ्यात आणायचं. ते मी मिळवलं होतं, तीनदा वाईला जाऊन, प्राचार्यांना कागदावर चित्रं काढून दाखवून. गावी गेल्यावर मी मोठ्या हौसेनं सांगितलं. आबा बटाट्याच्या पोत्यावर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेस झालं. हे वाईचं काम होऊंदे. मग दसऱ्याला गाळ्याची पूजा दादा करंल. आन फुडचं त्योच बघंल."

"आणि मी?"

"तू हायसच की त्येच्या हाताखाली."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते असं. दसऱ्याला गाळ्यात हत्यारांची पूजा मी करायची, इतकी वर्षं. पूजेचं ताट ज्याच्या हातात, गाळा त्याचा, हे आमच्याकडं वेगळं सांगावं लागत नाही. दादा खाली मान घालून शेंगा फोडत होता. मी मनाशी ठरवलं, की वाईचं काम असं करायचं की आबांचे डोळे उघडले पाहिजेत.

ते काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ज्या डब्यात इमारतीतल्या सगळ्या केबली येऊन मिळतात आणि कुणाचा निरोप कुणाकडं जायचा ते ठरतं, तो डबा. कॉलेजला असे चार लागत होते. चार डबे वेगवेगळे सांभाळायचे तर चार पासवर्ड, चार वेळा सेटिंग, चार डोकेदुख्या. म्हणून ते एकावर एक ठेवून मागून खास केबलनं एकमेकांना जोडतात, शेवटच्यातून पुन्हा पहिल्यात. त्याला स्टॅक म्हणायचं. नीट जुळलं की चारही मिळून एकच यंत्र. बाहेरच्याला चार दिसतच नाहीत. आतमध्ये मात्र एक जण मास्टर असतो आणि त्याच्याकडं जे सेटिंग असेल ते बाकीचे तिघे निमूट पाळतात.

मास्टर कोण, हे ते आपसात ठरवतात. आपण एकाचा मान वाढवून ठेवायचा, म्हणजे सगळे एकदम जागे झाले तर तो निवडला जातो. पण एखादा आधीच जागा होऊन गादीवर बसला असेल, तर मागून कितीही मानाचा आला तरी त्याला गादी मिळत नाही. सगळं बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत नाही. हे शिकले तेव्हा मला ते यंत्र आमच्या घरापेक्षा शहाणं वाटलं होतं.

मी गाळ्यात बसून एका स्विचमध्ये कॉलेजचं सगळं सेटिंग भरलं, त्याचा मान सगळ्यात वरचा ठेवला, त्याच्यावर पट्टी चिकटवून एक नंबर घातला. बाकीचे तीन कोरे. मास्टरकडून ते घेणारच होते. वाईला रॅकमध्ये ते बसवायचं काम दादानं केलं. मी एक नंबर नेहमी वर ठेवते. त्यानं सगळ्यात खाली ठेवला. "मेन माल पायाला पाहिजे," म्हणाला. त्यानं बिघडत काही नव्हतं, म्हणून मी सोडून दिलं. त्यानं मागं वेणीही घालून टाकली होती, अशी देखणी की प्राचार्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

उद्घाटनाच्या दिवशी दादानं गावाहून आबांना आणलं. माझ्या कुठल्या कामाला आबा पहिल्यांदाच येत होते. म्हणजे दादाच्या कामाला येत होते, पण आले तर होते. टोपी नवी, पहिल्या रांगेत बसलेले. मी काठापदराची साडी नेसले होते.

तिथं गेल्यावर कळलं की कार्यक्रम कसा आहे. चार स्विच, म्हणून चार पाहुणे. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, एक देणगीदार आणि प्राचार्य. रॅकच्या बाजूला विजेच्या बटणांची उभी पट्टी होती, प्रत्येक स्विचसमोर त्याचं बटण. एकेकानं यायचं, हळदीकुंकू वाहायचं, बटण दाबायचं, शाल आणि नारळ घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, मग पुढचा. मानाप्रमाणे अध्यक्ष पहिले आणि सगळ्यात वरचं बटण त्यांचं. वरचं, म्हणजे कोऱ्या स्विचचं. हा सगळा बेत दादानं आणि प्राचार्यांनी मिळून केला होता. रँकप्रमाणे सगळं झालं की दादाला बरं वाटतं.

मी त्याला बाजूला ओढलं. "दादा, पहिलं बटण खालचं दाबायचं. तो उठून सावरला की मग बाकीचे."

"तायडे, अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना सगळ्यांसमोर उकिडवं बसवू?"

"मग खालचं मी आधी दाबते. ते वरचं दाबतील."

"अध्यक्षांच्या आधी तू?" तो हसला. "काय बोलतेस."

"बरं, सगळंच आधी चालू करून ठेवू. ते नुसती फीत कापतील."

ह्यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. "खोटं उद्घाटन? न्हाई हां. आपल्याला असलं जमत नाही."

प्राचार्यही म्हणाले, मॅडम, पाच मिनिटं इकडं तिकडं, त्यानं काय होतंय. एक नंबर वर आणायचा तर ती सगळी वेणी सोडावी लागली असती, आणि बाहेर स्पीकरवर सनई सुरू झाली होती. दोघांना समजावत बसायला मी कोण? फौजींची बहीण.

अध्यक्षांनी वरचं बटण दाबलं. वरचा स्विच जागा झाला, त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणीच नाही, म्हणून तो मास्टर झाला. अध्यक्ष लय बोलले. वाईतल्या शिक्षणाची परंपरा, कृष्णामाई, सगळं आलं त्यात. मग उपाध्यक्ष, मग देणगीदार. प्रत्येकाचा स्विच उठला आणि त्या कोऱ्या मास्टरच्या हाताखाली गेला. शेवटी प्राचार्य वाकले आणि माझा एक नंबर चालू झाला. तोवर गादी भरली होती. माझं सगळं सेटिंग बाजूला राहिलं आणि चौघांनी मिळून रिकाम्या डोक्याचा कारभार मान्य केला. चारी हिरवे दिवे लागले. टाळ्या वाजल्या. दिवे लागले तरी जाळं चालणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

सगळे हॉलमध्ये गेले. तिथं मोठ्या पडद्यावर कॉलेजची वेबसाइट उघडायची होती. मी रॅकच्या खोलीतच थांबले आणि लॅपटॉप काढला. हॉलमधून प्राचार्यांचा आवाज आला, "एक मिनिट हं, येतंय, येतंय." येणार कुठून. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि खोटं कशाला बोलू, आतून गार गारही वाटत होतं. आता सगळ्यांना समजेल. आबा समोर बसलेत, त्यांना दिसेल की दादानं काय केलं आणि निस्तरतंय कोण.

एसीची हवा जाऊ नये म्हणून शिपायानं त्या खोलीचं दार लावून घेतलं. मग कुणाला काय दिसणार, कप्पाळ. मी साडी खोचून फरशीवर बसले, चारही बंद केले, एकटा एक नंबर चालू केला. त्याला उठायला वेळ लागतो. तो उठला, त्याला लॅपटॉपची केबल लावली, सेटिंग जागेवर आहे का बघितलं, मग वरचे एकेक करून चालू केले. त्या वेळात हॉलमध्ये काय चाललंय ते भिंतीतून ऐकू येत होतं. दादानं माइक घेतला होता. बर्फातल्या एका चौकीत फोनची लाइन तुटली तेव्हाचा किस्सा सांगत होता. आम्ही घरच्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की कुठं हसायचं ते पाठ आहे. पण वाईच्या लोकांनी पहिल्यांदा ऐकला. हॉल अगदी चिडीचूप.

शेवटचा स्विच स्टॅकमध्ये आला आणि बरोब्बर तेव्हाच दादा म्हणाला, "आणि मग लाइन चालू झाली." पडद्यावर वेबसाइट उघडली.

टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. दादासाठी.

मी दारात येऊन उभी राहिले, साडीला फरशीची धूळ. दादानं मला बघितलं आणि माइकवर म्हणाला, "मी नुसता गप्पा मारत होतो. बटणांची गडबड माझी झाली, तायडी आधीच सांगत होती. निस्तरलं तिनं." मला हाताला धरून पुढं नेलं आणि प्राचार्यांनी त्याच्या अंगावर घातलेली शाल काढून माझ्या खांद्यावर घातली. लोक उभे राहिले. बायका डोळे पुसायला लागल्या. मी आबांकडं बघितलं. आबांचे डोळेही भरले होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. शेजारच्या माणसाला म्हणत होते, "बगितलं का? किती मोठ्या मनाचा हाय गडी."

म्हणजे काम मी केलं, आणि मला मान दिल्याचा मानही त्यालाच. ती शाल मी कराडपर्यंत अंगावरून काढली नाही, कारण काढली असती तर खिडकीतून फेकली असती. गाडीत आबा पुढं, दादाच्या शेजारी. मी मागं, रिकाम्या खोक्यांत. आबा म्हणत होते, "कसला बोललास रं. समदी लोकं गप." दादा आरशातून माझ्याकडं बघत होता. मी बाहेर बघत होते.

दसऱ्याच्या चार दिवस आधी दादा गाळ्यात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"तायडे, मला तुझ्या हाताखाली जमणार नाही, आणि तू माझ्या हाताखाली राहणार नाहीस. एकमेकांची उगीच परीक्षा कशाला बघायची? मी साताऱ्यात टाकतो काहीतरी. घराजवळ पडेल."

"आणि आबा?"

"आबांना मी बोललो. गाळा तुझ्या नावावर करतायत. मी सांगितलं, तिचं हाय ते तिलाच ऱ्हाऊंद्या."

पुन्हा तेच. त्यानं सांगितलं म्हणून. मी इतकी वर्षं तिथं बसले म्हणून नव्हे. पण आता नाही म्हणण्याइतकी मी खुळी नाही. दसऱ्याला पूजा मी केली, सही आबांनी केली, दादानं नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. गाळा माझा झाला. आजही आहे, पाटी नवीन केली, दोन मुली कामाला आहेत, दोघी शिडीवर चढतात.

दादानं साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला दुकान टाकलं. आबा आता रोज सकाळी औंधहून एसटीनं साताऱ्याला जातात. शेती वाट्यानं दिलीय. दादाच्या दुकानात त्यांची वेगळी खुर्ची आहे. दादा सांगतो, चष्मा लावून सगळं बघत बसतात, हे कशाला, ते कुठं जातं, विचारून विचारून भंडावतात. मी मनात म्हणायचे, भंडावू देत. मला कुणी भंडावलं नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी आबांचा फोन आला. मला वाटलं, तब्येतीचं काही.

"पोरी, आगं हितं आमी तीन स्विच लावल्यात. दोन झाल्यात येक, तिसरं वायलंच ऱ्हातंय, स्टॅकमदी येईना. दादा म्हंतोय केबल खराब हाय. मी म्हंतोय, त्येच्यातलं व्हर्जन जुनं आसंल. काय वाटतंय तुला?"

मी विचारलं, तिसरा जुना घेतलाय का. व्हय, म्हणाले, दुसरीकडनं काढलेला. म्हटलं, "मग तुमचं बरोबर आहे आबा. व्हर्जनच असणार. तिन्हीत एकच सॉफ्टवेअर घालायला सांगा."

"बघ," ते दादाला ओरडून म्हणाले, "पोरगी बी तेच म्हंत्या." इतके खूश झाले की फोन बंद करायचा राहूनच गेला. तसाच टेबलावर ठेवला असावा. कुणी गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं विचारलं हे काय आहे, आणि आबा सांगायला लागले. ही तीन दिसत्यात, पर कामाला येकच. ह्यो मास्टर. ह्यो बंद पडला तर दुसरा गादीवर बसतो, काम थांबत न्हाई. घाई न करता, अधूनमधून थांबून, समजलं का विचारत.

माझ्यासमोर माझं गिऱ्हाईक उभं होतं. त्याला हातानं थांब म्हटलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. दादाचा एवढा हेवा मला गाळ्यापायी कधी वाटला नव्हता. आबा लय छान समजावून सांगत होते.